परसातल्या हौदात गोल्डफिशची वीण: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात गोल्डफिश पाळणारे पुष्कळ आहेत, पण त्यांची वीण डोळ्यांनी बघितलेले फार थोडे. कारण साधं आहे. मासे हॉलमधल्या काचेच्या टाकीत असतात, तिथे बारा महिने पाणी जवळजवळ सारखंच, आणि वीण होते ती भल्या सकाळी. तोच मासा परसातल्या हौदात सोडा. त्याला थंडी लागू द्या, ऊन लागू द्या, वळवाचा पाऊस अंगावर घेऊ द्या. मग त्याला आपण वेगळं काही करायला लावावं लागत नाही. महाशिवरात्रीच्या आगेमागे एखाद्या सकाळी हौदात पाणी सपसप वाजायला लागतं आणि तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून बाहेर येता.

पिल्लं काढून विकण्याच्या धंद्याबद्दल हा लेख नाही. त्याची गणितं वेगळी, टाक्या वेगळ्या. इथे वीण बघायची आहे. त्यासाठी आपल्याकडून लागतं ते असं: नीट हौद, धडधाकट मासे, अंडी चिकटायला जागा आणि मग हात मागे बांधून बसायची तयारी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

१. हौद

सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट पाणी, एवढा हौद पाच-सहा माशांना पुरतो. यात साडेतेराशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. पाचशे लिटरच्या टबातही वीण होते, पण मग मासे तीनच ठेवा आणि उन्हाळ्यात टबावर सावली करा. दीड फुटापेक्षा उथळ नको. उथळ पाणी एप्रिलच्या दुपारी तापतं, रात्री उतरतं आणि मासा त्या चढउतारातच दमतो.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली पडेल. दिवसभर ऊन असेल तर पाणी हिरवंगार होतं, मग तळ सोडाच, मासासुद्धा दिसत नाही. झाडाखालची गार जागा मोहात पाडते, पण पाचोळा पडून तळाशी कुजतो. शेवगा असेल तर त्याची बारीक पानं काढता काढता वैताग येतो.

नवा सिमेंटचा हौद बांधला असेल तर घाई नडते. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि असं पाणी माशाला जाळतं. आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे: हौद भरायचा, केळीचे खुंट कापून त्यात टाकायचे, आठवडाभर कुजू द्यायचे, मग सगळं उपसून हौद घासून काढायचा. असं दोन-तीनदा करा. वास येतो, शेजारी विचारतात, पण उपाय लागू पडतो. शेवटी पीएचची पट्टी बुडवून बघा. साडेआठच्या खाली आकडा आला की पुढे जा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवलं की ते उडून जातं. घाई असेल तर दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात. बोअरचं पाणी जड असतं, पण गोल्डफिशला ते चालतं. त्यात क्लोरीन नसतं, ही जमेची बाजू. मात्र बोअरचं पाणी एकदम जोरात सोडू नका, वरून पडू द्या, म्हणजे त्यात हवा मिसळते.

आता सगळे मासे एकदम सोडायचे नाहीत. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू हौदात वसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर दोनच मासे ठेवा आणि खाणं चिमूटभर द्या. पाणी काचेसारखं नितळ दिसतं म्हणून ते तयार झालं, असं समजू नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याची तपासणी करायची बाटली दुकानात मिळते, एवढा एक खर्च करा.

हौदाच्या काठाखाली तीन इंचांवर सांडव्याचं एक भोक ठेवून त्याला बारीक जाळी बसवायला विसरू नका. जुलैत इथे पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. सांडवा नसेल तर हौद काठावरून वाहतो आणि मासे गटारीत सापडतात.

२. कुठले मासे

एक शेपटीचे, लांबट अंगाचे घ्या: कॉमन गोल्डफिश, कॉमेट, शुबुंकिन. ओरांडा, ब्लॅक मूर, बबल आय वगैरे गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे मासे दिसायला देखणे असतात, पण त्यांना पोहायला कष्ट पडतात. पाठलागाच्या धांदलीत ते मागे राहतात. खंड्याच्या तावडीतही तेच आधी सापडतात. चीनमध्ये हजार वर्षांहून जास्त काळ माणसाने या माशाला हवे ते आकार दिले, पण लांबट कॉमेटच्या अंगात त्याचा मूळचा रानटी कार्प अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे. हौदाला तोच हवा.

दुकानातला दीड-दोन इंचांचा मासा लहान मूल आहे. विणीला यायला त्याला साधारण वर्ष लागतं. गणपतीत आणलेले मासे लगेच शिवरात्रीला विणतील अशी आशा धरू नका. विणले तर नशीब. शक्य असेल तर एखाद्या जुन्या शौकिनाकडून चार-पाच इंचांचे मासे मागून घ्या. कोल्हापुरात नाद असलेली माणसं एकमेकांना नाही म्हणत नाहीत.

पाच-सहा घेतले की त्यात नर-माद्या दोन्ही येतात, आधी ओळखायच्या भानगडीत पडू नका. नवीन मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच हौदात सोडा.

३. नर कुठला, मादी कुठली

लहानपणी ओळखता येत नाही. कोणी दोन इंचांची 'जोडी' म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

विणीच्या दिवसांत मात्र नर स्वतःच ओळख देतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या जाड काट्यावर बारीक पांढरे दाणे उठतात. हाताला खरखरीत लागतात. नवीन माणूस इथेच हमखास घाबरतो. मोबाइलवर शोधतो, 'व्हाइट स्पॉट' नावाचा रोग सापडतो, आणि तो धडधाकट नरांवर औषध ओततो. फरक असा: रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, पाठीवर कुठेही मिठाचे कण शिंपडल्यासारखे असतात, मासा दगडाला अंग घासतो, मलूल होतो. विणीचे दाणे फक्त कल्ल्यावर आणि छातीच्या परावर, तेही ओळीत, आणि मासा एरवीपेक्षा जास्त तरतरीत. काही वयस्क नरांचे दाणे वर्षभर राहतात, काहींना दाणे उठतच नाहीत, म्हणून एकट्या दाण्यांवर निकाल लावू नका.

मादी वरून बघावी. गाभोळी भरली की तिचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं फुगत नाही, एक बाजू जरा जास्त बाहेर येते. नर वरून सडसडीत दिसतो. हौदाचा हाच फायदा आहे, काचेच्या टाकीत मासा बाजूने दिसतो आणि हा फरक कळत नाही.

एका मादीमागे दोन नर असले की चांगलं. उलट नरच जास्त आणि मादी एकटी असेल तर तिचे हाल होतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

४. ऋतू

गोल्डफिशला आधी थंडी लागते, मग ऊब. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास येतो आणि हौदाचं पाणीही चांगलं गार पडतं. या दिवसांत मासे संथ होतात, कमी खातात. त्यांना तसंच राहू द्या. कणव येऊन हौदात हीटर सोडणारे लोक मी बघितलेत. त्यांनी स्वतःच्या हाताने वीण घालवली.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आपले लोक म्हणतात. होळी जळाली की उरलीसुरलीही पळते. या दोन सणांच्या मधला काळ धरून ठेवा. दिवस मोठा होतो, पाणी अठरावरून बावीस-तेवीस अंशांकडे सरकतं, आणि नरांच्या कल्ल्यांवर दाणे दिसू लागतात. एक साधा तरंगता थर्मामीटर हौदात असू द्या, रोज सकाळी एकाच वेळेला बघा.

दुसरा मोसम पावसाळ्याचा. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं, मासे आळसावतात. मग मृगाचा पाऊस येतो, पाणी एकदम उतरतं, ताजं होतं. चढणीचे मासे पकडायला लोक ओढ्याकाठी जातात ना, ती वेळ. गोल्डफिशही कार्पच्याच कुळातला. नवं पाणी त्यालाही कळतं. पावसाळ्यातली वीण बघायला छत्री धरावी लागते, एवढीच अडचण.

फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून खाणं सुधारा. नुसत्या दाण्यांवर गाभोळी नीट भरत नाही. कुंडीतलं गांडूळ धुऊन बारीक कापून, उकडलेला वाटाणा साल काढून, डासांच्या अळ्या, असं आलटून पालटून द्या. गोल्डफिशला जठरच नसतं, त्यामुळे एकदम ढीगभर घालण्यापेक्षा थोडं थोडं दोन-तीनदा द्यावं. पाच मिनिटांत संपेल तेवढंच. उरलेलं काढून टाका.

दाणे दिसले, मादी फुगली, तरी काही होत नसेल तर एक युक्ती आहे. संध्याकाळी हौदातलं पाव पाणी काढा आणि तेवढंच जरा गार, क्लोरीन उडालेलं पाणी हळूहळू सोडा. पुढच्या एक-दोन सकाळी लक्ष ठेवा. बऱ्याचदा एवढा इशारा पुरतो. बर्फ वगैरे टाकू नका, कृपा करून.

५. अंडी चिकटायला जागा

गोल्डफिश घरटं करत नाही, अंडी राखत नाही. मादी अंडी उधळते आणि ती चिकट असल्यामुळे जे समोर येईल त्याला चिकटतात. काही नसेल तर तळाशी पडतात आणि आईबापच ती खातात.

सगळ्यात सोपी म्हणजे जलपर्णी. तिची लोंबती मुळं माशांना फार आवडतात. कोल्हापूरकराला जलपर्णी कुठे मिळते हे सांगायची गरज नाही, पंचगंगेने ती फुकट पुरवलेली आहे. पण नदीतून उचलून थेट हौदात टाकू नका. मुळांत जळवा, पाणकिडे, गोगलगाईची अंडी असतात. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ पाण्यात खळखळून धुवा आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. चार-पाच रोपं बास. ती दुप्पट होत जाते, दर आठवड्याला जास्तीची काढून उन्हात पूर्ण वाळवा आणि खतात टाका. ओढ्यात परत फेकलीत तर तुम्हीही त्याच गर्दीत सामील.

दुसरा उपाय लोकरीची झुंबरं. शिल्लक राहिलेली ॲक्रिलिकची लोकर, शक्यतो हिरवी, एका जाड वहीभोवती चाळीस-पन्नास वेढे गुंडाळा. एका टोकाला घट्ट बांधा, दुसऱ्या टोकाला कापा. रंग सुटतो का बघायला उकळत्या पाण्यात टाका आणि रंगीत पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. बांधलेल्या टोकाला थर्माकोलचा तुकडा लावून हौदात तरंगत ठेवा. काथ्याची दोरी उसवूनही हे जमतं, फक्त काथ्या आधी दोन-तीनदा उकळून तपकिरी पाणी फेकून द्यावं. झुंबरांचा मोठा फायदा असा की अंडी लागली की झुंबर उचलून दुसरीकडे नेता येतं. जलपर्णी आणि झुंबरं दोन्ही ठेवा. मासे काय पसंत करतात हे बघण्यातही मजा आहे.

ही सगळी मांडणी हौदाच्या एका उथळ, सकाळी ऊन येणाऱ्या बाजूला करा. मासे तिकडेच येतात आणि तुम्हालाही एकाच ठिकाणी बसून सगळं दिसतं.

६. ती सकाळ

खूण आदल्या संध्याकाळीच मिळते. एक-दोन नर एका मादीच्या मागे मागे, अगदी शेपटीला नाक लावून फिरत असतात. ती वळली की हे वळतात. ती थांबली की तिच्या पोटाखाली नाक घालतात. भांडण वाटतं, पण चावा नसतो, पर फाटत नाहीत. हे दिसलं की गजर लावा. पहाटे तालमीला किंवा कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाणाऱ्यांना वेगळं उठायला नको.

उजाडता उजाडता हौदाशी या. हौदाच्या पश्चिमेला, पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा. सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडत नाही. माशाला वरून पडणारी सावली म्हणजे बगळा. उभे राहून वाकू नका, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, मुलांना आधीच सांगून ठेवा की पाण्यात बोट घालायचं नाही. पहिली दहा मिनिटं मासे तुमच्याकडे बघून जरा बिचकतील, मग तुम्हाला विसरतील.

मग जे चालतं ते दोन-तीन तास चालतं. पाठलाग वेगवान होतो. नर दोन्ही बाजूंनी मादीला चिकटतात आणि तिला मुळांकडे रेटतात. ती जलपर्णीच्या मुळांत शिरते, कुशीवर वळते, आणि तिघंही एकदम अंग थरथरवतात. पाणी वर उडतं. त्या क्षणी मादीने अंडी सोडली आणि नरांनी त्यावर आपलं पाणी, म्हणजे वीर्य, सोडलं. हे सगळं इतकं झटकन होतं की पहिल्या पाच-सहा वेळा तुम्हाला फक्त शिंतोडे दिसतील. डोळा मुळांवर ठेवा, माशांवर नको. मासे निघून गेले की त्याच मुळांवर मोहरीएवढे, पिवळसर, आरपार दिसणारे मणी अडकलेले दिसतात. ऊन तिरकं असलं की ते चमकतात आणि मग सगळीकडे दिसायला लागतात: मुळांवर, लोकरीवर, हौदाच्या भिंतीवर, पायपाच्या तोंडावर सुद्धा.

एक मादी एका सकाळी काहीशे अंडी देते, मोठी असेल तर हजाराच्या पुढेही. पाणी जरा दुधट होतं, वर फेस येतो, एक कच्चा वास सुटतो. घाबरायचं नाही, हे नेहमीचं आहे.

घाबरायचं कधी? मादी कोपऱ्यात उथळ जागी अडकून पडली, खवले निघाले, पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागली आणि नर तरी सोडत नाहीत, तेव्हा. अशा वेळी मऊ जाळीने तिला हलकेच काढून हौदाच्याच पाण्याच्या टबात एक-दोन दिवस विश्रांती द्या. एरवी काही करू नका. मधेच खायला घालणं, झुंबर उचलून 'किती लागली' बघणं, अंडी फोटोसाठी हाताने सोडवणं, सगळं नंतर.

नऊ-दहा वाजता वेग ओसरतो. आणि मग नवख्याला धक्का देणारा भाग सुरू होतो. तेच मासे, जे आत्तापर्यंत जीव तोडून धावत होते, वळतात आणि मुळांवरची अंडी टिपायला लागतात. आई सुद्धा. यात क्रूरपणा शोधू नका. गोल्डफिशचा हिशेबच असा आहे, हजार घालायची, पाच-दहा वाचली तरी वंश चालतो.

७. त्याच दुपारी

पाव पाणी बदला, कारण न फळलेली अंडी आणि नरांचं पाणी कुजून हौद बिघडवतात. एअर पंप असेल तर चालू ठेवा. वीज गेली तर तांब्याने पाणी उंचावरून परत हौदात ओतत राहा, कंटाळवाणं आहे पण उपयोगी आहे. मासे दमलेले असतात, त्या दिवशी खाणं हलकं द्या.

८. अंडी ठेवायची की हलवायची

दोन रस्ते आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पहिला घ्या.

पहिला रस्ता: काहीच करू नका. जलपर्णी दाट असेल, कडेला दगडांच्या फटी असतील, तर काही पिल्लं आपोआप वाचतात. महिन्याभराने एके दिवशी मुळांखालून अर्ध्या इंचाचा तपकिरी मासा बाहेर येतो. हौदाला जेवढी झेपतात तेवढीच साधारण राहतात. तुमच्या डोक्याला ताप नाही.

दुसरा रस्ता: एक-दोन झुंबरं उचलून वेगळ्या टबात न्या. सगळी नाही, दोनच. टब पन्नास ते शंभर लिटरचा, पाणी हौदातलंच, जागा सावलीची, म्हणजे तापमानात फरक पडत नाही. हवेचे बुडबुडे अगदी मंद. दुसऱ्या दिवशी बघा: फळलेली अंडी आरपार पिवळसर राहतात, न फळलेली पांढरी होतात आणि त्यांवर कापसासारखी बुरशी चढते. ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर जाते, म्हणून पांढरी अंडी चिमट्याने काढा. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून पाणी फिकट निळं केलं तरी बुरशीला आळा बसतो.

पाणी वीस-बावीस अंश असेल तर चार-पाच दिवसांत पिल्लं फुटतात, पंचविसाच्या पुढे असेल तर तीन दिवसांतही. त्याआधी भिंग घेऊन बघा. अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. आत वळवळ होते. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला भिंग द्या आणि बाजूला व्हा.

९. पिल्लांचा पहिला महिना

फुटलेलं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं असतं. पहिले दोन-तीन दिवस ते भिंतीला किंवा लोकरीला चिकटून लोंबतं. मेलं असं वाटतं. मेलेलं नसतं, पोटाखालच्या पिशवीतला बलक खात असतं. या दिवसांत काही घालू नका. ते आडवं पोहायला लागलं की भूक लागली.

तोंड इतकं बारीक असतं की दुकानातला दाणा कितीही कुटला तरी उपयोग नाही. त्यासाठी अंडी दिसल्याच दिवशी बरणी लावायची: काचेच्या बरणीत हौदाचं पाणी, त्यात भाताच्या पिंजराच्या चार काड्या किंवा कोबीचं पान, वर फडकं बांधून उजेडात ठेवा. चार-पाच दिवसांत पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं आणि त्यात डोळ्याला जेमतेम कळणारे सूक्ष्म जीव फिरतात. ते पाणी दिवसातून तीन-चारदा कपभर टबात ओता. हौदाचं पाणी हिरवं असेल तर तेही चांगलं.

आठवड्याने आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, पिल्लं द्या. तिची अंडी दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दिवसभरात फुटतात. ते जमत नसेल तर उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा हरभऱ्याएवढा तुकडा मलमलीत बांधून पाण्यात पिळा. बलक स्वस्त आहे, पण पाणी नासवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. एका वेळी चार थेंब, आणि तासाभराने तळ पातळ नळीने ओढून साफ. रोज थोडं पाणी बदला, नवीन पाणी त्याच तापमानाचं.

एक गोष्ट शहरातल्यांसाठी. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक साचलेलं पाणी तपासायला येतात, ते योग्यच आहे. मासे असलेल्या हौदात डासांच्या अळ्या टिकत नाहीत. पण पिल्लांचा टब आणि ती बरणी यांत टिकतात, कारण एवढ्याशा पिल्लाला अळी खाता येत नाही. दोन्हींवर मच्छरदाणीचं जुनं कापड ताणून बांधा.

१०. शत्रू

खंड्या सकाळी तारेवर येऊन बसतो आणि हौदाची चौकशी करतो. ढोकरी काठावर तासभर हलत नाही. दोघांनाही हौदावर ताणलेली नायलॉनची जाळी पुरते. वीण बघायच्या सकाळी ती काढा, नंतर परत लावा. पावसाळ्यात दिवड येऊ शकते. ती बिनविषारी आहे, मारू नका, पण चिडली तर चावते, म्हणून हातही घालू नका, ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. पिल्लांचा खरा काळ मात्र चतुराची अळी. चतुर पाण्यात अंडी घालतो आणि त्याची तपकिरी, सहा पायांची अळी तळाशी दबा धरून एकेक पिल्लू उचलते. टबात पिल्लं रोज कमी होत असतील आणि मेलेली सापडत नसतील, तर तळ शोधा.

११. पुराची तयारी

सुतारवाडा, बापट कॅम्प, दुधाळी किंवा पंचगंगेच्या पाण्याचा फेरा पडणाऱ्या कुठल्याही भागात घर असेल तर हे टाळू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. माशांसाठी ३९ हाच धोका समजा. त्याच दिवशी मासे झाकणाच्या पिंपात घेऊन वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवा. पिंप अर्धंच भरा, बॅटरीचा छोटा एअर पंप आधीच घेऊन ठेवा, आणि ते दोन-चार दिवस खायला घालू नका.

हे नुसतं मासे वाचवण्यासाठी नाही. हौदातला गोल्डफिश नदीत जाता कामा नये.

१२. जास्तीची पिल्लं

पिल्लं मोठी झाली की पहिली तक्रार येते: 'लाल कुठे आहेत?' सगळी तपकिरी, शेवाळी. गोल्डफिश जन्मतः सोनेरी नसतोच. दोन-तीन महिन्यांनी पोटाकडून रंग उतरायला लागतो, काहींना वर्ष लागतं, आणि काही कायमची तपकिरी राहतात. तीच सगळ्यात काटक असतात, खंड्यालाही दिसत नाहीत, म्हणून त्यांना कमी लेखू नका. वाकड्या पाठीची, नीट न पोहणारी पिल्लं मात्र वेगळ्या टबात ठेवा, पुढच्या विणीत त्यांना घेऊ नका.

हौदाला झेपतील तेवढी ठेवा, बाकीची द्या. रंकाळ्यात, कळंब्यात किंवा नदीत 'सोडून देऊन' पुण्य लागत नाही. गोल्डफिश बाहेरचा मासा आहे. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, इतर माशांची अंडी खातो. तलावात आधीच कमी व्याप आहेत का? ओळखीतल्या हौदवाल्यांना द्या, शाळेच्या कारंज्याला द्या, दुकानदाराला विचारा, बरेच जण दाण्याच्या बदल्यात घेतात. काचेच्या गोल भांड्यात ठेवणार असेल त्याला देऊ नका, कितीही जवळचा असला तरी.

देताना आदल्या दिवसापासून त्यांचं खाणं बंद ठेवा, म्हणजे वाटेत पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग हौदाचं पाणी, दोन भाग हवा, तोंड रबराने घट्ट. नेणाऱ्याला सांगा की पिशवी आधी वीस मिनिटं त्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं पाणी आत घ्यायचं आणि मासे जाळीने उचलून सोडायचे. पिशवीतलं पाणी त्याच्या हौदात ओतायचं नाही, ते झाडाला घालायचं.